दोनशे पावलांची मुंबई

‘मुंबई दर्शन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर यादी येते. गेटवे, म्युझियम, राणीचा बाग, मरीन ड्राइव्ह, हाजी अली. शाळेची सहल नेताना मीही वर्षानुवर्षं हीच यादी फळ्यावर लिहीत आले. पण ज्यांच्या गुडघ्यांची वाटी झिजली आहे त्यांच्यासाठी या यादीत एक रकाना कमी असतो. पायऱ्या किती? बसायला कुठे? दोन ठिकाणांमध्ये किती चालायचं? या रकान्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना मुंबई दाखवायला निघणं म्हणजे त्यांना ऊन दाखवून परत आणणं.

यंदा नाताळच्या सुट्टीत अब्बा आणि अम्मी खेड तालुक्यातल्या गावाहून आमच्याकडे घाटकोपरला आले. अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अम्मी बहात्तरची. अब्बा काठी घेऊन दोनशे पावलं चालतात, मग थांबतात आणि थांबण्याचं कारण दुसरंच सांगतात. कधी चपलेत खडा गेलेला असतो, कधी एखादी पाटी वाचायची असते. अम्मी त्याहून कमी चालते, पण ती सरळ सांगते, ‘‘माझ्यानं होत नाही.’’ या दोघांना शहर दाखवायचं मी ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांनी आपापल्या यादीची भर घातली. माझ्या मुलानं एलिफंटा सुचवलं. लाँचमध्ये चढ-उतर, धक्क्यापासून पुढे छोटी रेल्वे, आणि त्यानंतर लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीची खुर्ची मिळते, पण चार माणसांच्या खांद्यावर बसायला अब्बा या जन्मी तयार होणार नाहीत. ‘‘चार खांदे एकदाच लागतात,’’ ते म्हणाले. एलिफंटा खोडलं.

एशियाटिक लायब्ररीच्या टाउन हॉलला समोरच तीस पायऱ्या. त्या खालून बघायच्या. कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून गाडी जाते, पण लेण्यांत हिंडायचं म्हणजे कातळातल्या पायऱ्याच. राणीच्या बागेत सावली आहे, बाकडी आहेत, पण पिंजऱ्यांपासून पिंजऱ्यांपर्यंतची चाल संपत नाही. म्युझियमला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला लिफ्ट आहे, व्हीलचेअर मिळते. ते यादीत राहिलं.

मग मी अम्मीला विचारलं, ‘‘तुला काय बघायचंय?’’ हा प्रश्न तोपर्यंत कोणी विचारलाच नव्हता. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘हे राहायचे ती खोली. आणि ते कामाला जायचे ते फाटक. आणि जमलं तर हाजी अली.’’

इथे थोडं मागे जावं लागेल. अब्बा एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले. तेव्हा कोकणातून येणं म्हणजे दाभोळला पडावातून आगबोटीत चढायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. चाळीस वर्षं त्यांनी गोदीत काम केलं. डोंगरीत आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. गावचा कोणीही मुसलमान पोरगा कामाला आला की ट्रंक तिथेच ठेवायचा. पंधरा-वीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. बायका-मुलं गावाला. ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही. कोकणात हिंदू काय, मुसलमान काय, घराघराची आहे. गिरणी, गोदी, जहाज यांवर पुरुष आणि मनीऑर्डरवर घर.

अम्मी मुंबईत आलीच नव्हती असं नाही. लग्नाला आली, दवाखान्यात आली, माझ्या दोन्ही बाळंतपणांना आली. पण तिची मुंबई कुर्ला, घाटकोपर, मुंब्रा इथल्या नातेवाइकांच्या खोल्यांत संपायची. ज्या शहरानं तिचा नवरा चाळीस वर्षं ठेवून घेतला ते तिनं पाहिलं नव्हतं. तिला ते शहर फक्त पत्रातून माहीत. अब्बा उर्दूत पत्र लिहायचे. अम्मीला कुरआन शरीफ वाचता येतं, उर्दू पत्र वाचता येत नाही. दुसरीत गेल्यापासून ती पत्रं मी वाचून दाखवायची. मी उर्दूची शिक्षिका कशी झाले असं कोणी विचारलं तर मी बी.एड.चं वर्ष सांगते. खरं उत्तर ते निळं आंतरदेशीय पत्र आहे.

तेव्हा यादी बदलली. आता प्रश्न होता तो दोनशे पावलांत हे कसं बसवायचं.

मी एक काम केलं, जे प्रत्येकानं करावं असं मला वाटतं. आठवडाभर आधी एकटी जाऊन आले आणि पावलं मोजली. घाटकोपरहून मेट्रो एक, म्हणजे 2014 साली सुरू झालेली वर्सोव्याची मेट्रो. चौथं स्टेशन मरोळ नाका. तिथे उतरून लिफ्टनं खाली, आणखी खाली, आणि भुयारी मेट्रो तीन. ही ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, त्यामुळे आता घाटकोपरहून सीएसएमटीपर्यंत लोकलचा जिना, धक्का आणि उभं राहणं टाळता येतं. मुलुंडकरांना घाटकोपरपर्यंत लोकलच धरावी लागते. बोरिवली-दहिसरहून मेट्रो दोन-अ किंवा सातनं अंधेरीला येऊन मेट्रो एक पकडता येते, आणि त्या दोन मार्गांवर पासष्टच्या पुढच्यांना तिकिटात पंचवीस टक्के सवलत आहे. मार्ग बदलताना चालावं लागतंच. भुयारी स्टेशनं लांबलचक आहेत आणि बाहेर पडायच्या प्रत्येक दरवाजाला लिफ्ट असेलच असं नाही. म्हणून कोणत्या दरवाजानं बाहेर पडायचं हे आधी बघून कागदावर लिहून ठेवावं. ऐनवेळी चुकीच्या दरवाजाला गेलं तर दोनशे पावलं तिथेच संपतात.

दुसरा हिशेब वेळेचा. सकाळच्या गर्दीनंतर, साडेदहाला निघायचं. अम्मीला नमाज खुर्चीवर बसून पढावी लागते आणि बायकांसाठी सोय असलेल्या मशिदी शहरात मोजक्या. त्यामुळे जोहर घरी येऊनच. आम्ही कोकणी शाफई, आमची असर हनफी शेजाऱ्यांपेक्षा लवकर लागते. डिसेंबरात चारच्या आत. म्हणजे तीनपर्यंत घर गाठायचं. साडेचार तासांत जाणं-येणं वजा केलं तर हातात दोन तास. त्यात दोन ठिकाणं बसतात, तिसरं नाही. म्युझियम गळलं, हाजी अली गळलं. अम्मी म्हणाली, ‘‘राहू दे. आधी फाटक.’’

तिसरा हिशेब सगळ्यात अवघड. व्हीलचेअर. वैद्यकीय सामानाच्या दुकानातून घडीची खुर्ची भाड्यानं आणली आणि दाराआड ठेवली. अब्बांनी ती पाहिली आणि रात्री जेवताना कोणाशी बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, ‘‘बाय, मी या शहरात पाठीवर गोणी वाहिल्या. आता तुम्ही मला लोटत नेणार?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, ‘‘तुमच्यासाठी नाही, अम्मीसाठी आहे.’’ अर्धं खरंच होतं ते.

अम्मी मात्र खुर्चीत पटकन बसली. जणू रिक्षाच. घाटकोपर स्टेशनच्या लिफ्टपासून मी ढकलायला लागले तसे अब्बा पुढे आले, ‘‘तुला जमत नाही. वजन कसं न्यायचं ते मला विचार.’’ त्यांनी काठी अम्मीच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही मुठी धरल्या. मी मागे मागे चालले. मरोळ नाक्याच्या त्या लांब वाटेवर माझ्या ध्यानात आलं, की अब्बा थांबलेच नाहीत. खुर्चीचा दांडा त्यांना काठीपेक्षा भक्कम आधार देत होता. दोनशेच्या जागी चारशे-साडेचारशे पावलं झाली असतील. नंतर आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वॉकरचंही तत्त्व तेच, फक्त भरलेल्या खुर्चीचं वजन असतं, तेव्हा चढ-उताराला दुसऱ्या कोणी धरावं. तुमच्याकडेही व्हीलचेअरवरून रुसवा असेल तर हे लक्षात ठेवा.

सीएसएमटीला वर आल्यावर अब्बांनी बोट केलं ते स्टेशनच्या इमारतीकडे नाही, समोरच्या अंजुमन-ए-इस्लामकडे. बद्रुद्दीन तय्यबजींनी 1874 साली काढलेली संस्था. पाळी सुटली की या शाळेच्या कुंपणाशी उभं राहून अब्बा मुलं बाहेर येताना बघायचे, हे मी पहिल्यांदा ऐकलं. ‘‘मुलगी झाली तर शिकवीन म्हणायचो,’’ ते म्हणाले. अम्मी म्हणाली, ‘‘हे पत्रात नव्हतं.’’

तिथून काळीपिवळी केली. अब्बा पद्मिनी शोधत होते, पण ती गाडी 2023 पासून रस्त्यावर नाही. टॅक्सीवाल्याला सरळ सांगितलं, थांबत थांबत जायचंय, थांबण्याचे पैसे देऊ. दक्षिण मुंबईत म्हाताऱ्यांसाठी हाच सगळ्यात चांगला इलाज आहे. रिक्षा तिथे चालत नाही आणि अॅपवरची गाडी दर वेळी नव्यानं बोलावण्यात माणूस उन्हात उभा राहतो.

बॅलार्ड पिअरला ग्रीन गेट. गोदीच्या फाटकांची नावं रंगांवरून आहेत, ग्रीन, रेड, ब्लू, यलो. आत पासाशिवाय जाता येत नाही. अब्बांनी टॅक्सीची काच खाली केली. आतून कंटेनरचा ट्रेलर बाहेर आला. ‘‘आमच्या वेळी हे नव्हतं. हातानं सगळं. कंटेनर आला आणि माणसं कमी झाली,’’ एवढंच बोलले. अम्मी फाटकाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, ‘‘पावसात कुठे उभे राहायचात?’’ अब्बांनी भिंतीजवळची जागा दाखवली. मला वाटतं, हा प्रश्न तिनं चाळीस पावसाळे जपून ठेवला होता.

डोंगरीतली इमारत अजून उभी आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, दोराला धरून चढायचा. वर जाण्याचा प्रश्नच नव्हता. खुर्ची काढली, फुटपाथवर लावली, आणि अम्मीनं खालूनच विचारलं, ‘‘कुठली?’’ ‘‘कोपऱ्यातली. जिथे लुंगी वाळतेय ती.’’ म्हणजे तिथे अजूनही कोणी राहतं. खालच्या दुकानदारानं आम्हाला बघून चहा मागवला, अब्बांना स्टूल दिलं. गावाचं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, आता कोकणातली पोरं इथे कमी, सगळी आखातात. अम्मी खिडकीकडे बघत होती. ‘‘एवढीशी खिडकी,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं तुम्ही इथे मजेत आहात.’’

अब्बा काही बोलले नाहीत. चहाचा कप त्यांनी तिच्या हातात नीट धरवला, बशी खाली धरली.

परतताना कोणी फारसं बोललं नाही. सव्वातीनला घरी पोहोचलो, दोघांनी जोहर पढली, आणि अम्मी मगरिबपर्यंत झोपेल असं वाटलं तर ती अर्ध्या तासात उठून असरच्या तयारीला लागली. फोटो विचाराल तर सहाच आहेत. त्यात एकही प्रसिद्ध जागा नीट आलेली नाही.

हाजी अली राहिलं आहे. तिथली वाट सुमारे पाचशे यार्ड, म्हणजे जाऊन-येऊन जवळपास किलोमीटर. भरतीला ती पाण्याखाली जाते. गुरुवारी-शुक्रवारी रेटारेटी असते. अम्मीला जायचंय ते मजारच्या खोलीपर्यंत. 2012 च्या सुमारास तिथे बायकांना बंदी झाली होती. 26 ऑगस्ट 2016 ला मुंबई हायकोर्टानं ती उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. माहीमला मखदूम अली माहिमींच्या दरग्याला गाडी जवळ जाते, तिथे जाऊ, असं मी सुचवलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वीचा एवढा मोठा आलिम, तोही आपल्या कोकण किनाऱ्याचा. अम्मी म्हणाली, ‘‘माहीमही करू. पण हाजी अली वेगळं.’’

तेव्हा अब्बांनी कॅलेंडर मागितलं. कोकणातल्या खलाशांचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास मिळतो. चौथीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, शिवाय त्या दिवसांत भांगाचं पाणी, उधाण नाही. ‘‘चांदाची सातवी-आठवी धर,’’ ते म्हणाले, ‘‘गुरुवार-शुक्रवार टाळ. अकराला आत, एकला बाहेर.’’ मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक पडताळलं. दहा-पंधरा मिनिटांचा फरक निघाला.

मे महिन्याच्या सुट्टीत ऊन फार असतं, म्हणून पुढच्या हिवाळ्याचा बेत आहे, इन्शाअल्लाह. घडीची खुर्ची मी परत केली नाही, दुकानदाराकडून विकतच घेतली. अब्बा गावी जाताना ती एसटीच्या डिकीत त्यांनी स्वतः ठेवून घेतली. अम्मीसाठी, असं कंडक्टरला सांगितलं.