माळव्यातल्या दातेरी विटांची वाट

इंदूरहून महूला जायला २०-२५ किलोमीटरचा रस्ता. मराठी माणसाची पावलं इथे वळतात ती बाबासाहेबांच्या जन्मस्थळाकडे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी नोकरीत इथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. २००३ मध्ये गावाला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळालं, तरी बोलण्यात अजून महूच आहे.

स्मारकाचं दर्शन झालं की छावणीच्या भागातून सावकाश फेरफटका मारा. बंगल्यांच्या फाटकापासून पायरीपर्यंत जाणाऱ्या वाटांच्या कडेला तिरक्या विटांची रांग दिसेल. अर्धी वीट जमिनीत, अर्धी वर, करवतीच्या दातांसारखी. एक गेरूची, एक चुन्याची. देशातली कुठलीही छावणी, जुनं रेल्वे स्टेशन किंवा सरकारी विश्रामगृह आठवून पाहा, ही रांग तिथे असतेच. ती नुसती शोभेची नाही. पांढरी वीट अंधारात वाटेची कड दाखवते आणि कडेची माती वाटेवर येऊ देत नाही.

माळव्यात या कडेला आणखी एक काम आहे. इथली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर सिमेंटची सलग पट्टी घातली, तर दोन-तीन वर्षांत ती तडकते. सुट्या विटांची रांग मात्र मातीबरोबर थोडी हलते. एखादी वीट वाकडी झाली तर उपटून पुन्हा बसवायची, एवढंच. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीलाही हेच लागू आहे.

घरच्या वाटेला अशी कड करायला दोन सुट्ट्यांचे दिवस पुरतात. वाट २० फूट लांब असेल, तर दोन्ही बाजू मिळून ४० फूट होतात. ९ इंच लांब आणि ३ इंच जाड वीट ४५ अंशात टेकवली की एका विटेला साधारण सव्वाचार इंच जागा लागते. म्हणजे ११५ विटा, आणि फुटतुटीसाठी १० जास्त. दोन विटा एकमेकींवर आपटून पाहा. खणखणीत आवाज आला तर पक्की भाजलेली, बद्द आवाज आला तर पहिल्याच पावसाळ्यात झडणारी.

आधी दोरी ताणून घ्या. ६ इंच रुंद आणि ७ इंच खोल चर खणा. तळाशी २ इंच मुरूम किंवा जाड वाळू घालून पाणी मारा आणि धुमसाने ठोका. पहिल्या विटेमागे एक दगड किंवा अर्धी वीट घट्ट पुरा, कारण सगळी रांग तिच्यावर रेलणार असते. मग एकेक वीट टेकवत जा आणि वरचे कोपरे दोरीला लागतात ना, ते बघत राहा. शेवटी दोन्ही बाजूंनी माती भरून चांगली दाबा.

पाण्याला वाट ठेवायला विसरू नका. कड उंच झाली की पावसात पायवाटेचा ओढा होतो. म्हणून वाटेला एका बाजूला फुटामागे पाव इंच उतार द्या. उताराच्या बाजूला दर ७-८ फुटांवर एक वीट आडवी, जमिनीच्या पातळीला बसवा. तिच्यावरून पाणी बाहेर जाईल आणि बागेत मुरेल. सगळं अंगण सिमेंटने झाकलं की तेच पाणी गटारात जातं.

आणि माणसांचा विचार आधी करा. आजी-आजोबा काठी टेकत येतात त्या पायरीपाशी आणि मुलं धावतात त्या वळणावर दातेरी रांग नको. टोकाला पाय अडखळतो, गुडघा फुटतो. तिथे विटा उभ्या पुरून जमिनीच्या पातळीला ठेवा. कडेला आंबा किंवा कडुनिंब असेल तर मुळं तोडू नका, कडच थोडी वळवून घ्या. वळलेली वाट दिसतेही छान.

गेरू आणि चुना दोन्ही दुकानात स्वस्तात मिळतात. चुना भिजवणं आणि लावणं मोठ्यांनी करावं, तो डोळ्यांना आणि हातांना भाजतो. गेरूचा ब्रश मात्र मुलांच्या हाती द्या. पावसाळ्यात रंग धुऊन जाईल, दिवाळीच्या आधी पुन्हा लावायचा. महूच्या छावणीतही तो पुन्हा पुन्हा लावला जातो, म्हणूनच ती रांग नेहमी नवी दिसते.