आवाज पडद्यातून यावा

घरी प्रोजेक्टर घ्यायचं ठरलं, की कोल्हापुरातला माणूस आधी पडदा किती इंची बसेल ते विचारतो. दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "आणि बेस?" गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीसारख्या रचलेल्या 'डॉल्बी'समोर तयार झालेले आपले कान. छातीत धडधडलं नाही तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. पण घरोघरी ही यंत्रणा बसवताना माझ्याकडे बेस कमी पडल्याची तक्रार क्वचितच येते. येते ती वेगळीच, "मारामारी नादखुळा ऐकू येते, पण माणसं काय बोलतात तेच कळत नाही." मग रिमोट हातात धरून, संवादाला आवाज वाढवत आणि स्फोटाला कमी करत, घरातलं कुणीतरी एक जण अख्खा सिनेमा काढतं.

याचं कारण मांडणीत असतं. 5.1 म्हणजे डावा, उजवा, मधला आणि बाजूचे दोन असे पाच स्पीकर, आणि खर्जाचा एक सबवूफर. सिनेमातले बहुतेक संवाद यातल्या मधल्या स्पीकरवर असतात. थिएटरात तो पडद्याच्या मागे असतो आणि पडद्याला बारीक छिद्रं असतात, म्हणून बोल थेट चेहऱ्यातून येतात. घरी प्रोजेक्टर आपल्या डोक्यामागे टांगलेला. त्याच्या पोटातल्या स्पीकरवर सिनेमा लावला, तर नायिका समोर आणि तिचा आवाज पाठीमागे.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, पैसे कमी असतील तर बाजूचे स्पीकर पुढच्या दिवाळीला घ्या, पण मधला चांगला घ्या. तो पडद्याच्या खाली, कडेला शक्य तेवढा चिकटून, तोंड किंचित वर करून कानाच्या रोखानं ठेवायचा. तो थोडा खाली असला तरी बिघडत नाही. शब्दभ्रमकाराच्या मांडीवरची बाहुलीच बोलते असं वाटतं ना, तसंच इथेही डोळा आवाजाला ओढून ओठांवर नेतो. ही ओढ वर-खाली छान चालते, डावी-उजवीकडे फार चालत नाही. म्हणून मधला स्पीकर शोकेसच्या सोयीनं एका बाजूला सरकवू नये.

बाकीचं मोजमाप टेपनं होतं. शंभर इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. डावा-उजवा त्याच्या दोन्ही अंगांना, एकमेकांपासून साधारण साडेआठ फुटांवर, आणि बसायची जागाही त्यांच्यापासून तेवढ्याच अंतरावर. तिन्ही बाजू सारख्या झाल्या की पुढची फळी जमली. सराउंडचे दोन स्पीकर कानांच्या किंचित मागे, समोरच्या रेषेपासून 110 ते 120 अंशांत. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असेल, तर मी तो आधी फूट-दीड फूट पुढे घ्यायला लावतो. छतातले अ‍ॅटमॉसचे स्पीकर, जे थिएटरात 2012 साली आले, ते हे सगळं जमल्यावर.

वायरिंगचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. सिनेमाची स्टिक प्रोजेक्टरला लावतात आणि आवाज ब्लूटूथनं काढतात. स्टिक रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या यंत्राला जोडावी, रिसीव्हरमधून फक्त चित्र प्रोजेक्टरकडे पाठवावं. ती एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे जात असेल तर फायबरची घ्यावी आणि पीओपी करण्याआधीच पाइपातून ओढून ठेवावी. त्यातही प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करण्यात थोडा वेळ खातो, तोवर आवाज पुढे निघून गेलेला असतो. आवाज चित्राच्या आधी 45 मिलिसेकंद आला तरी खटकतो, मागे पडला तर साधारण 125 पर्यंत कळत नाही. दूर लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड आधी दिसते आणि ठोका मग ऐकू येतो, याची मेंदूला जन्मापासून सवय आहे. उलट क्रम त्याला पटत नाही. रिसीव्हरच्या लिप-सिंकमध्ये हा फरक भरून काढता येतो.

खर्जाचा खेळ मात्र खोलीच्या मापाशी आहे. बारा बाय बाराच्या चौकोनी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर लांबीतही घुमतो आणि रुंदीतही. भिंतीशी बसलं तर तो अंगावर येतो, खोलीच्या बरोबर मध्ये बसलं तर गायब होतो. त्याला मोठा सब घेणं हा इलाज नाही. सब तात्पुरता सोफ्यावर ठेवून वाजवायचा आणि आपण भिंतीकडेनं कान जमिनीलगत नेत फिरायचं. जिथे खर्ज सपाट ऐकू येईल, तिथे सबची जागा. जुन्या वाड्यांत लाकडी तक्तपोशी आणि तुळया खर्ज थोडा पिऊन टाकतात. नव्या फ्लॅटमध्ये काँक्रीट, व्हिट्रिफाइड फरशी आणि काचेच्या सरकत्या खिडक्या सगळा आवाज परत फेकतात. एक टाळी वाजवून बघा, झणझणाट आला तर समोरासमोरच्या भिंती मोकळ्या आहेत. जाड पडदे, पुस्तकांचं कपाट, भिंतीवर ताणून लावलेली वाकळ यांनी तो मोडतो आणि संवाद उजळतात.

आवाज पडद्यावरच्या तोंडातून आला पाहिजे, हा धडा या गावाला नवा नाही. 1929 साली इथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं 1932 साली 'अयोध्येचा राजा' बोलता केला. पार्श्वगायन आलेलं नव्हतं. हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर गात होते. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत होते. सगळा आवाज एकाच पट्ट्यावर. असा चित्रपट घरी लावताना लोक रिसीव्हर 'ऑल चॅनेल स्टिरिओ'वर ठेवतात आणि टेंबे पाचही कोपऱ्यांतून गाऊ लागतात. तो 'डॉल्बी सराउंड'वर ठेवा. डाव्या-उजव्यात सारखाच असलेला आवाज ही पद्धत मधल्या स्पीकरकडे वळवते, आणि गाणं हरिश्चंद्राच्या मुखात परत येतं. बाकीचे चार गप्प राहतात. ते बंद पडलेत असं समजून मला फोन करू नका.

एक शेजारधर्माचं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि खर्जाला स्लॅब फारसा अडवत नाही. सबखाली रबराची गादी टाकली तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असतो, तो दहानंतर लावावा.

बसवून झाल्यावर मी डेमोला स्फोट लावत नाही. गर्दीतला, पावसातला, कुजबुजीचा एखादा मराठी प्रसंग लावतो आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मधोमध बसवतो. आजींनी वळून "काय म्हणाला गं तो?" असं विचारलं, तर काम अजून बाकी आहे. विचारलं नाही, तर बिल करतो.