मी पसरवलेलं खोटं

पुढाऱ्यांच्या खोटेपणाबद्दल मी आयुष्यभर बोलत आलो. वर्गात बोललो, लग्नाच्या मांडवात बोललो, पेपरच्या स्टॉलवर तर रोजच. बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या शब्दाला थोडं वजन होतं. त्या वजनाचं मी काय केलं, ते सांगायला बसलो आहे. एका प्रामाणिक बाईवर मी खोटा आळ घेतला, आणि लोकांनी तो खरा मानला.

सुरुवात घरापासून करावी लागेल. १९८१ साली आमचं घर बांधायला काढलं होतं, मी कॉलेजात होतो. सिमेंट तेव्हा सरकारी नियंत्रणात होतं. वडील महिनाभर पुरवठा कार्यालयात खेटे घालत होते. शेवटी त्यांनी एका पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवली आणि चाळीस पोत्यांचं परमिट हातात आलं. ती पोती पडवीत रचलेली अजून डोळ्यांसमोर आहेत. ओल लागू नये म्हणून खाली फळ्या, वर गोणपाट. पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. बिल्डरांना सिमेंट देताना मुख्यमंत्री अंतुले यांनी त्याची सांगड इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्यांशी घातली, असा ठपका त्यात होता. अंतुल्यांना पद सोडावं लागलं. वडिलांनी पेपर मिटला आणि म्हणाले, "सगळे एकाच माळेचे मणी."

ते वाक्य मी वारशासारखं घेतलं. पोती पडवीतच होती, पण ती कशी आली हा प्रश्न मला पडला नाही, वडिलांनाही नाही. त्या प्रकरणात दुसरंही काही घडलं होतं. अरुण शौरी यांनी ते इंडियन एक्सप्रेसमध्ये बाहेर काढलं होतं, काही माणसं कोर्टात गेली होती, आणि एका न्यायाधीशाने सत्तेवरच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध निकाल लिहिला होता. या बाजूकडे मी बघितलंच नाही. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं रेंगाळला, अंतुले नंतर केंद्रात मंत्री झाले, आणि माझं मत दगडासारखं घट्ट झालं. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेल्या आणि एसटीने फिरणाऱ्या गणपतराव देशमुखांचं नाव कुणी घेतलं, तर "अपवाद" म्हणून मी विषय संपवायचो.

२०११ च्या शेवटी आमच्या प्रभागातून एक बाई नगरपालिकेवर निवडून आल्या. शिक्षण दहावी. नवरा टेलर, त्या फॉल-पिको करायच्या. सगळे त्यांना ताईच म्हणत. २०१६ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो. पुतण्याला घरकुलासाठी अर्ज करायचा होता. तो शेजारच्या खेड्यात राहायचा, आणि आमच्या प्रभागात दहा वर्षं राहत असल्याचा नगरसेवकाचा दाखला जोडला तर काम होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

ताईंनी चहा दिला. मग विचारलं, "सर, मुलगा आपल्या प्रभागात राहतो का?"

"राहत नाही. पण माझा सख्खा पुतण्या आहे."

"मग राहतो असं मी कसं लिहू?"

त्यांचा नवरा कापड बेतत होता. त्याने मान वर केली नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो.

मला राग कशाचा आला होता? दाखला मिळाला नाही याचा थोडाच. दहावी झालेल्या बाईने नागरिकशास्त्राच्या मास्तरला नागरिकशास्त्र शिकवलं, याचा जास्त. ती बरोबर आहे हे मला तिथेच कळलं होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्टॉलवर कुणीतरी ताईंचा विषय काढला. मी म्हणालो, "ती फुकट सही करत नाही."

पाच शब्द. ठरवून बोललो नव्हतो, पण बोलल्यावर मागेही घेतले नाहीत. कुणी विचारलं नाही की सर, तुमच्याकडे मागितले का, किती मागितले. सगळ्यांनी मान डोलावली. पुढारी म्हणजे चोर, हे मीच त्या लोकांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. माझ्या खोट्याला पुरावा लागला नाही. दिवाळीपर्यंत तेच वाक्य मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू येऊ लागलं. वर्षअखेरच्या निवडणुकीत ताई ४१ मतांनी पडल्या.

उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे जाहीर केले पाहिजेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल मी वर्गात दरवर्षी समजावून सांगायचो. ताईंनी त्या निवडणुकीत भरलेलं शपथपत्र मात्र मी उघडून पाहिलं नाही. पाच वर्षांत त्यांच्या मालमत्तेत काय भर पडली, हे दोन शपथपत्रं शेजारी ठेवून दहा मिनिटांत कळलं असतं. सगळे चोर असं एकदा मानलं की वाचायचे कष्ट उरत नाहीत. मी आळशी होतो, आणि त्या आळसाला मी अनुभव म्हणत होतो.

नव्या नगरसेवकाने जानेवारीतच पुतण्याला दाखला दिला. हसत दिला, चहाही पाजला. "कामाचा माणूस," असं मी चारचौघांत म्हणालो.

पुढची सहा वर्षं या गोष्टीने मला एकदाही टोचलं नाही. मग २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं गटाराचं पाणी पडवीत शिरलं. नगरपालिकेवर तेव्हा प्रशासक होता, जाऊन भांडायला नगरसेवकच नव्हता. शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि गटाराच्या कामाची फाइल बघायला मागितली. त्यांनी मला बांधकाम विभागात एका टेबलाशी बसवलं. टिप्पणी, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, असे कागद उलटत होतो. मध्येच वहीचं एक एकरेघी पान लागलं. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, तारीख ऑगस्ट २०१५, खाली ताईंची सही.

मजकूर जवळजवळ पाठ झाला आहे. अंदाजपत्रकात गटाराची लांबी ११० मीटर दाखवली आहे. मी व माझ्या पतीने मोजली असता ८२ मीटर भरली. मोजणी शिलाईच्या टेपने केली आहे, चूक असल्यास अधिकाऱ्यांनी समक्ष मोजावी. तोपर्यंत ठेकेदाराचे बिल देऊ नये.

शिलाईची टेप दीड मीटरची असते. ८२ मीटर मोजायचे तर ती पंचावन्न वेळा जमिनीला लावावी लागते. पावसाळ्यात, आमच्या गल्लीतून, माझ्या दारावरून दोन माणसं वाकून वाकून ही टेप लावत गेली होती. मी त्यांना पाहिलं असेल, नसेल. मला आठवत नाही.

फाइलमध्ये त्यांची अशी आणखी तीन पत्रं होती. ताई नगरसेवक होत्या तोवर बिल अडकलेलं होतं. मग फेब्रुवारी २०१७ चं एक पत्र लागलं, नव्या नगरसेवकाचं. काम समाधानकारक झालं आहे, आमची तक्रार नाही. त्याच महिन्यात ११० मीटरचं पूर्ण बिल निघालं होतं. त्या पत्राचं लेटरहेड मी ओळखलं. पुतण्याचा दाखला त्याच लेटरहेडवर होता, सहीही तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. ज्या हाताने मला हवं होतं ते खोटं लिहून दिलं, त्याच हाताने महिन्याभराने ठेकेदाराला हवं होतं ते लिहून दिलं होतं. पहिल्या खोट्याला मी काम म्हटलं होतं. मग दुसऱ्याला भ्रष्टाचार कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. कारकुनाने दोनदा विचारलं, "सर, प्रती काढायच्या का?" मला उत्तर देता येईना. पडवीत आलेलं पाणी मला दिसत होतं, आणि त्याच पडवीत ४२ वर्षांपूर्वी रचलेली पोतीही.

ताईंकडे जायला मला आठ दिवस लागले. त्या साडीला फॉल लावत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "तुम्ही पैसे घेता, असं मी गावात सांगितलं होतं. ते खोटं होतं."

त्यांनी मशिन थांबवलं. "माहीत होतं, सर. प्रचाराला तुमच्या गल्लीत आले तेव्हा एका बाईने तोंडावर विचारलं. सरांनी सांगितलं म्हणाली."

"तुम्ही तेव्हाच मला का विचारलं नाही?"

"विचारून काय झालं असतं? सगळे घेतात, मग मीच कशी घेत नाही, हे कुणाला पटवणार होते?"

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुतण्याला घर मिळालं का?" मिळालं, असं मी सांगितलं. त्या परत मशिनकडे वळल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही ते मागितलं नाही, मागायचा हक्क नव्हता. पुतण्यामुळे घरकुलाच्या यादीत कोणाचं नाव खाली राहिलं, हे मी अजून शोधलेलं नाही. तो धीर अजून झालेला नाही.

पेपरच्या स्टॉलवर मात्र मी सगळं सांगितलं, होते तेवढ्या सगळ्यांसमोर. ताईंनी कधीच पैसे मागितले नव्हते, मी खोटं बोललो होतो, असं स्पष्ट. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "सोडा हो सर, जुनी गोष्ट. एवीतेवी सगळेच घेतात." हे माझंच वाक्य होतं. ते पेरायला मला पाच शब्द लागले होते, उपटायला तासभर बोललो तरी ते निघेना.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकेची निवडणूक झाली. त्याआधी मी दोनदा जाऊन ताईंना उभं राहायची विनंती केली होती. त्या उभ्या राहिल्या नाहीत.