हातात किती पडतात?

परिचारिकेच्या व्यवसायात शिक्षणाची वर्षे, परीक्षा, नोंदणी आणि कामाची पद्धत हे सारे बऱ्याच अंशी देशभर ठरवून दिलेले आहे; ठरवून दिलेले नाही ते तिचे वेतन. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम आणि चार वर्षांचा बीएससी नर्सिंग या अभ्यासक्रमांचे निकष १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद ठरवते, तर महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याखालील महाराष्ट्र परिचर्या परिषद उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकीची नोंद ठेवते आणि तिला क्रमांक देते. हा क्रमांक घेऊन दापोलीतील एखादी मुलगी मुंबईत गेली, डेरवणच्या रुग्णालयात गेली किंवा घराजवळच्याच एखाद्या दवाखान्यात लागली, तरी तिची पात्रता तीच राहते. महिन्याच्या शेवटी हातात पडणारी रक्कम मात्र त्या क्रमांकावरून कोणालाही सांगता येत नाही.

याचे कारण केवळ सरकारी आणि खासगी या जुन्या भेदात शोधणे पुरेसे नाही, कारण सरकारी व्यवस्थेच्या पोटातही आता निरनिराळे स्तर तयार झाले आहेत. राज्य शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष शुश्रूषा करणाऱ्या नियमित परिचारिकेला, सातव्या वेतन आयोगानंतर ३५,४०० रुपयांपासून सुरू होणारी वेतनश्रेणी लागू झाली आणि या मूळ वेतनावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता निराळा मिळतो. जिल्हा परिषदेकडील आरोग्य सेविकेची, म्हणजे उपकेंद्र सांभाळणाऱ्या आणि गावात नर्सबाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एएनएमची श्रेणी २५,५०० रुपयांपासून सुरू होते. याच इमारतींत राष्ट्रीय आरोग्य अभियानातून नेमलेल्या कंत्राटी परिचारिकाही काम करतात. २००५ मध्ये ग्रामीण भागासाठी सुरू झालेल्या आणि २०१३ मध्ये शहरांपर्यंत विस्तारलेल्या या अभियानाच्या राज्यातील अलीकडच्या वर्षांतील भरती जाहिरातींत स्टाफ नर्ससाठी दरमहा २०,००० रुपयांचे एकत्रित मानधन नमूद केलेले आढळते. एकत्रित याचा अर्थ असा की महागाई वाढली म्हणून त्यात आपोआप काही वाढत नाही. बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदार संस्थेमार्फत, परिचारिका घेण्याचा विचार जेव्हा राज्यात पुढे आला, तेव्हा मे २०२२ मध्ये नियमित परिचारिकांनीच संप केला. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अभियानातील कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. दोन्ही संपांमागे एक समान गोष्ट होती, ती म्हणजे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकारिणीचा आकडा प्रत्येकीला माहीत होता.

काम किती सारखे असते, हे कोकणातील विंचूदंशाच्या रुग्णावरून नीट दिसते. जांभ्याच्या चिऱ्यांखाली किंवा पेंढ्यात लाल विंचू चावला, की रुग्णाचे हातपाय गार पडतात, घामाच्या धारा लागतात, नाडी बिघडते आणि पुढे फुप्फुसांत पाणी साठण्याचा धोका उभा राहतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यू पुष्कळ कमी झाले, परंतु हे औषध रक्तदाब उतरवणारे असल्याने गोळी दिली आणि काम संपले असे होत नाही. रुग्णाला आडवेच ठेवणे, ठराविक वेळाने रक्तदाब आणि नाडी पाहून कागदावर मांडणे, हातपायांना ऊब आली का हे हाताने चाचपणे, श्वासाचा आवाज बदलला तर डॉक्टरांना उठवणे, हे रात्रभर चालते आणि ते परिचारिकाच करते. त्या रात्रीच्या ड्यूटीवर कायम सिस्टर आहे की कंत्राटी, हे रुग्णाला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. नोंदीचा तक्ता एकच असतो आणि चूक झाली तर जाब विचारणाराही एकच असतो.

तरीही सरकारी व्यवस्थेतील विषमता निदान उघडी आहे, ही गोष्ट लहान मानता येणार नाही. २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमातील कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी व कर्मचाऱ्यांना मिळणारे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असते. वेतनश्रेणीचे तक्ते शासन निर्णयात छापले जातात, भरतीच्या जाहिरातीत आकडा असतो, आणि त्यामुळे कंत्राटी परिचारिका आपली तक्रार रुपयांत मांडू शकते. खासगी दवाखान्यात मात्र रक्कम बहुतेक वेळा तोंडी ठरते, ती ठरताना उमेदवार मुलगी आणि मालक डॉक्टर यांच्याखेरीज खोलीत कोणी नसते, आणि ‘दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, तुला म्हणून एवढे देतोय’ हे वाक्य जवळजवळ करारातील कलमासारखे उच्चारले जाते. हेच वाक्य प्रत्येकीला ऐकवले गेले आहे, हे कळायला त्या मुलींना एकदा एकमेकींशी बोलावे लागते. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधील सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक दर्शनी भागात लावणे भाग पाडले, त्यामुळे परिचर्येसाठी रुग्णाकडून किती आकारले जाते हे भिंतीवर वाचता येते; त्यातले किती परिचर्या करणारीच्या हाती पोहोचते, हे कोणत्याच भिंतीवर नाही.

दापोलीच्या आंबा बागायतदाराला या फरकाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वाशीच्या बाजारात पेटी कितीला गेली हे पूर्वी दलालाची पट्टी येईपर्यंत त्याला कळत नसे, आणि पट्टी आल्यावरही हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता उरलेला आकडा निमूटपणे मान्य करावा लागे. शेजाऱ्याच्या पट्टीशी आपली पट्टी ताडून पाहणे आणि पुढे रोजचा भाव फोनवर विचारणे सुरू झाल्यावर दलाल बदलता येऊ लागला. आंब्याचा भाव चारचौघांत विचारणे हे शहाणपणाचे आणि पगार विचारणे हे अशिष्टपणाचे, ही समजूत मात्र त्याच घरात, त्याच ओसरीवर टिकून आहे. गंमत अशी की नर्स असलेल्या सुनेचा पगार सासूला, नणंदेला आणि लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थालाही पैशापर्यंत ठाऊक असतो. ज्या बाईला तो कळल्याने काही फरक पडेल, त्या शेजारच्या दवाखान्यातील परिचारिकेलाच तेवढा सांगायचा नसतो.

अर्थशास्त्रात या परिस्थितीचा विचार पुष्कळ झाला आहे. जिथे विकत घेणारा एकच किंवा मोजकेच असतात त्या बाजाराला ग्राहक-मक्तेदारी म्हणतात. जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना श्रमाच्या बाजाराला लावून दाखवली आणि पाठ्यपुस्तकांत तिचे एक ठरलेले उदाहरण म्हणून परिचारिका येतात, कारण एका गावात रुग्णालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात आणि संसार, मुले, म्हातारी माणसे सोडून रोज शंभर किलोमीटरवर कामाला जाणे बाईला शक्य नसते. दापोलीची भौगोलिक स्थिती या वर्णनाला तंतोतंत जुळते: रेल्वे खेडला, जिल्ह्याचे ठिकाण दूर रत्नागिरीला, आणि केळशी किंवा दाभोळकडून येणाऱ्या मुलीला दापोली शहर हाच जवळचा बाजार. अशा बाजारात मालकांना एकमेकांचे आकडे कळण्यासाठी मुद्दाम काही करावे लागत नाही, वैद्यकीय संघटनेच्या बैठकीतील चहाही पुरतो. अमेरिकेतील युटा राज्यात रुग्णालयांचे कर्मचारी-विभाग परिचारिकांच्या वेतनाची माहिती आपसांत देवघेव करत असल्याबद्दल अमेरिकी न्याय विभागाने १९९४ मध्ये स्पर्धाविरोधी वर्तनाचा खटला भरला, आणि त्यात रुग्णालयांना ती देवघेव थांबवण्याचे बंधन स्वीकारावे लागले. म्हणजे ज्याला गुप्तता म्हटले जाते ती बहुधा एकतर्फीच असते. देणाऱ्यांना बाजारभाव ठाऊक असतो आणि घेणारीला नसतो.

ही एकतर्फी गुप्तता महाराष्ट्रात इतकी सहज का टिकली, याची मुळे काही अंशी या व्यवसायाच्या इथल्या जन्मकथेत आहेत. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळावे यासाठी प्रयत्न झाले, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, या साऱ्यावर पांढरपेशा समाजाचा कडवा आक्षेप होता. तो आक्षेप बोथट करायचा तर कामाला सेवेचे, जवळजवळ व्रताचे रूप देणे आवश्यक होते, आणि त्या काळाचा विचार करता सुधारकांचे ते धोरण शहाणपणाचेच म्हटले पाहिजे. पण एखाद्या विधवेला या कामाकडे खेचून नेणारी खरी शक्ती स्वतःच्या कमाईची होती. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापलेल्या अनाथ बालिकाश्रमाचाही हेतू बाईने कोणाच्या तोंडाकडे न पाहता जगावे हाच होता. पुढच्या पिढ्यांनी व्रताची भाषा जपली आणि कमाईची भाषा गिळून टाकली, त्यामुळे पगार विचारणारी परिचारिका आजही सेवाभावात कुठे तरी उणी ठरते; डॉक्टरने फी विचारली तर त्याच्या सेवाभावाची शंका कोणी घेत नाही, हे जाता जाता लक्षात घ्यावे.

ही कोंडी जिथे फुटली, तिथे आकड्यांची जुळवाजुळव आधी झालेली दिसते. २०११ मध्ये मुंबईतील खासगी रुग्णालयांत परिचारिकांनी बंधपत्राविरुद्ध, म्हणजे ठराविक काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी बंधनाविरुद्ध आणि त्यापायी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याच्या प्रथेविरुद्ध काम थांबवले. त्यांत केरळमधून आलेल्या मुली बहुसंख्य होत्या आणि वसतिगृहाच्या खोल्यांत एकमेकींचा पगार लपून राहत नव्हता. त्याच सुमारास केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली आणि संपांच्या मालिकेनंतर तेथील सरकारने २०१८ मध्ये खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी किमान वेतन २०,००० रुपयांवर नेले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमण्यास सांगितले होते, आणि त्या समितीने खाटांच्या संख्येनुसार शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाच्या समकक्ष परिचारिकेइतके वेतन, शंभराहून अधिक असल्यास फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर असल्यास फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासहून कमी असल्यास किमान २०,००० रुपये. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने या शिफारशी राज्यांकडे गेल्या आणि शिफारशीच राहिल्या. तालुक्याच्या गावातील बहुतेक दवाखाने शेवटच्या गटात बसतात, म्हणजे ज्या आकड्याने मोजायचे तो आकडा २०१६ पासून छापील स्वरूपात आहे. तो दवाखान्यातल्या सिस्टरपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाचे, हे मात्र कोणी ठरवले नाही.

आकडे सांगितल्याने सारे सुरळीत होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कमी मिळणारीचा राग पुष्कळदा देणाऱ्यावर न जाता जास्त मिळणाऱ्या मैत्रिणीवर जातो, आणि लहान गावात तो वर्षानुवर्षे पुरतो. शिवाय नुसता आकडा फसवा असतो: बारा तासांची ड्यूटी की आठ, महिन्याला रात्रपाळ्या किती, साप्ताहिक सुट्टी भरपगारी आहे का, भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि भरलाही जातो का, राहण्याची खोली धरून सांगितलेला पगार आहे की सोडून, हे कळल्याखेरीज दोन पगारांची तुलना करता येत नाही. २०१९ च्या वेतन संहितेने कर्मचाऱ्याला वेतनपत्रक देण्याची तरतूद केली आहे, आणि माहितीची देवघेव तिथूनच सुरू व्हायला हवी. इतर देशांनी बोलण्याच्या हक्काला कायद्याचे कवच दिले: अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांची आपसांतील वेतनचर्चा संरक्षित मानली, ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्याने वेतनातील भेदभाव शोधण्यासाठी केलेल्या चर्चेला आड येणारे गुप्ततेचे करार निष्प्रभ ठरवले, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये वेतन पारदर्शकतेचा निर्देशच काढला.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तेथील सार्वजनिक रुग्णालयांचे वेतन सामूहिक कराराच्या छापील तक्त्यांवर चालते, त्यामुळे जर्मन भाषेचे धडे गिरवणारी कोकणातील मुलगी हजारो किलोमीटरवरच्या वॉर्डातला आपला पगार विमानात बसण्यापूर्वी वाचू शकते. चौकापलीकडच्या दवाखान्यातला नाही. हे बदलायला नवा कायदाच लागेल असे नाही. परिचर्या परिषदेकडे नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रत्येक परिचारिकेला ठराविक वर्षांनी यावेच लागते. त्या अर्जात वेतन, कामाचे तास आणि रुग्णालयाच्या खाटा असे तीन रकाने वाढवून जिल्हानिहाय मध्यक, म्हणजे सारे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर नेमका मधोमध येणारा आकडा, दरवर्षी जाहीर करता येईल. हा आकडा तालुकानिहाय काढू नये, कारण दापोलीसारख्या ठिकाणी दवाखाने इतके थोडे आहेत की नाव झाकले तरी कोणत्या सिस्टरने काय लिहिले ते संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळेल, आणि मग पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या रकान्यात कोणीच खरे लिहिणार नाही. रत्नागिरी जिल्हा एकत्र धरून, खाटांच्या गटांप्रमाणे, तो काढावा.