आधी जागा, मग डिझाइन

मी फ्लेक्स आणि बोर्डांची डिझाइनं करतो. गाव अंतरवाली सराटी, तालुका अंबड. आबा पेंटर होते. शाळेच्या भिंती, डेअरीचे, सोसायटीचे बोर्ड तेच रंगवायचे. सुताला नीळ लावून एक टोक माझ्या हातात द्यायचे, सूत ताणायचे आणि मधोमध उचलून सोडायचे. भिंतीवर सरळ रेघ उमटायची. बोर्ड झाला की रस्त्यापलीकडे बसलेल्या म्हाताऱ्याकडून वाचून घ्यायचे. तो अडखळला की अक्षर पुन्हा.

पुढं मी कोरलड्रॉ शिकलो. क्लासात सावल्या, चकाकी, सोनेरी कडा शिकवल्या. गिऱ्हाइकालाही तेच आवडायचं. वाढदिवसाच्या बॅनरवर जितके जास्त फोटो, तितकं काम चांगलं.

२९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटलांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण गावात सुरू झालं. १ सप्टेंबरला आंदोलकांवर पोलिसांचा लाठीमार झाला. त्यानंतर गावात माणूस मावेना. लोक रात्री-अपरात्री बोर्ड मागायला यायचे. माझ्याच घरची माणसं मंडपात बसलेली. कॉम्प्युटरसमोर लक्ष लागत नव्हतं, पण काम थांबवणंही पटत नव्हतं.

त्या घाईत छपाईनं फार छळलं. स्क्रीनवरचा भगवा फ्लेक्सवर विटकरी यायचा. शेवटी फाइल छपाईच्या रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये घेतली, पिवळा शंभर आणि मॅजेंटा साठ ठेवला, निळसर आणि काळा शून्य. मग रंग नीट आला. एकदा शहरातल्या छापखान्यात आमचा फॉन्टच नव्हता. अख्ख्या मजकुराची चिन्हं झाली आणि बोर्ड तसाच छापून आला. तेव्हापासून मजकूर निवडून कंट्रोल क्यू दाबायचं, अक्षरांचे कर्व्ह करायचे, मगच फाइल पाठवायची. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर दहा फुटी बोर्डावर चेहरा फुटतो.

जरांगेंच्या १४ ऑक्टोबरच्या सभेआधी मी सभेच्या रानात जाऊन लांब उभा राहिलो. दुपारचं ऊन डोक्यावर. पांढऱ्या पार्श्वभूमीचा फ्लेक्स नुसता चमकत होता, वाचता येईना. आबांची पद्धत तिथं उपयोगी पडली. दर दहा फूट अंतराला एक इंच उंच अक्षर धरलं. शंभर फुटांवरून वाचायचं तर दहा इंच. मग शब्द आपोआप कमी झाले. सावल्या काढून टाकल्या, सोनेरी कडा काढून टाकल्या, फोटो काढून टाकले. काहीजण रागावले. पण बायाबापड्यांना लांबून वाचता आलं.

जून २०२४ मध्ये शेजारच्या वडीगोद्रीला ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. माझा शाळेतला मित्र पिवळ्या बोर्डासाठी आला. पहिल्यांदा मी गप्पच बसलो. गावात काय बोलतील, हे मनात आलंच. पण आम्ही एकाच बाकावर बसलेलो. बोर्ड केला. पिवळ्यावर काळं अक्षर, तेवढंच मोठं, तेवढंच स्पष्ट. तो घेऊन गेला, पैसे देऊन गेला, आणि आमचं येणंजाणं आजही आहे.

आता नवीन पोरं शिकायला येतात. त्यांना सांगतो, बोर्ड जिथं लागणार तिथं आधी दुपारी बारा वाजता जाऊन उभे राहा. वाचणारा कुठं बसतो, ऊन कुठून येतं, ते बघा. कॉम्प्युटर त्यानंतर सुरू करा.