वारशाची भयकथा

घराण्याच्या काळ्या वारशावरची भयकथा एका जागी हमखास अडते: पणजोबांचे पाप उघड झाल्यावर भय कशात उरायचे? एच. पी. लव्हक्राफ्टच्या ‘द रॅट्स इन द वॉल्स’मध्ये (१९२४) ही अडचण नाही. वंशज पूर्वजांची वास्तू दुरुस्त करून राहायला जातो, जमिनीखाली घराण्याचा नरमांसभक्षणाचा इतिहास सापडतो आणि तो स्वतःच सोबत्यावर तुटून पडतो. रक्तावर उतारा नाही. मराठी वाचकापाशी मात्र उतारा तयार असतो. पितृदोष म्हटला की त्र्यंबकेश्वरचा नारायण नागबळी आठवतो, आणि विधीची वाट दिसली की भीती ओसरते. नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी भयकथेला मोठा वाचक मिळवून दिला. पण समर्थ आले की सुटका होणार, या दिलाशाची सवयही त्यांच्याच समर्थकथांनी लावली.

‘तुंबाड’ने (२०१८) ही गाठ सोडवली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा मित्राने १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात सांगितली होती. चित्रपटातला विनायक मुलाला वारशातले सोने काढण्याची युक्ती शिकवतो. वारसा हवाच असेल, तर शांत कोण करणार?

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळच्या लेखकाने त्यासाठी ‘तुंबाड’सारखा कोकणातला वाडा उसना आणू नये. पवनी तालुक्याच्या या धानपट्ट्यात मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, राहिले आणि त्यांच्या पाण्यावर अजून धान पिकते. प्रस्तुत लेखकाकडे लिहायला शिकणाऱ्या एका मुलीने तलावाच्या पाळीत गाडलेल्या माणसाचे रहस्य पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले. पुढे फक्त सातबारा, पाण्यावरून भांडणे आणि नातवांची जेवणे. प्रस्तुत लेखकाने रहस्य नेहमी शेवटच्या पानासाठी राखले. वाचक दचकला की होणाऱ्या आनंदाची चटक अजून सुटलेली नाही. तिच्या कथेत कुणीच दचकत नाही, आणि ती अधिक भयंकर आहे. नातवांना सगळे ठाऊक आहे. हिस्सा कुणी सोडत नाही.

अशा कथेत एकच काम अवघड उरते. नातू खलनायक झाला की वाचक सुटतो. म्हणून त्याचे सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, पडलेला पाऊस, न पडलेला पाऊस हे सारे आधी मांडावे लागते; पाळीतला माणूस त्यानंतर.