पन्नास बॉड म्हणजे किती?

आमच्या ह्यांची एक जुनी वही माझ्या कपाटात आहे. हे तार खात्यात टेलिप्रिंटरवर होते. फोर्टातलं सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस, मुलुंडहून लोकल आणि पाळीची ड्यूटी. वहीत मशीनच्या नोंदी आहेत, आणि जागोजागी ‘५० बॉड’ असं लिहिलेलं आहे.

गेल्या दिवाळीत सगळे जमले होते, तेव्हा नातवाने ती वही चाळली. हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाला, "आजी, आपलं इंटरनेट १०० एमबीपीएसचं. म्हणजे आजोबांच्या लाइनच्या वीस लाख पट! आजोबांचा स्पीड जवळजवळ शून्यच की."

सगळे हसले. भागाकार बरोबर होता. सेकंदाला दहा कोटी बिट भागिले पन्नास, उत्तर वीस लाख. पण तो ‘शून्य’ काही माझ्या घशाखाली उतरेना. माणसाने पस्तीस वर्षं ज्याच्यावर घर चालवलं, ते असं एका भागाकारात निकालात निघतं का? दुसऱ्या दिवशी फराळाचे डबे आवरले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. जन्मभर मुलांना ‘एकक लिहा, एकक लिहा’ म्हणून ओरडले आहे, ती सवय जाते थोडीच!

बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्यावरून आलं. बॉड म्हणजे तारेवर सेकंदाला किती खटके बसतात ते. टेलिप्रिंटरवर एका खटक्यात एकच बिट जातो, म्हणून तिथे ५० बॉड म्हणजे ५० बिट. पण हा नियम सगळीकडे लावता येत नाही बरं का. पुढे मोडेम आले, त्यांनी एकाच खटक्यात चार-चार बिट बसवले. २४०० बिटांचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडवरच चालायचा. म्हणून जुन्या कागदावर ‘बॉड’ दिसलं की आधी विचारायचं, यंत्र कोणतं?

आता ह्यांचं यंत्र. एका अक्षराला पाच बिट, सुरुवातीचा एक आणि शेवटचा दीड, मिळून साडेसात. पन्नासाला साडेसाताने भागा. सेकंदाला पावणेसातच्या जरा आत, मिनिटाला बरोबर ४०० अक्षरं. मधली मोकळी जागा धरून शब्दाला सहा अक्षरं मानली तर मिनिटाला ६६ शब्द.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. टायपिंगच्या सरकारी परीक्षेत इंग्रजीचा ६० शब्दांचा वेग पास झालेला माणूस म्हणजे चांगलाच तयार हात. म्हणजे ती लाइन माणसाच्या बोटांच्या मापाने शिवलेली होती! हात जितका चालेल, तितकी तार चालायची. याला शून्य कसं म्हणायचं?

मग पुढचे जुने आकडेही घेतले. ६४ केबीपीएस हा कुठून आला? माणसाच्या आवाजातून. बोलण्याचे सेकंदाला ८००० नमुने घ्यायचे, प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहायचा, झाले ६४,०००. असे ३२ पदर एकत्र वळले की २०४८, म्हणजे एक्स्चेंजवाल्यांची ‘दोन एमबीची लाइन’. त्यातून तीस जण एकदम बोलत. उरलेले दोन पदर यंत्रांच्या आपापसातल्या कामाला. आपल्या सरकारने २००४ साली ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरवलं, ते किमान २५६ केबीपीएस. म्हणजे चार माणसांच्या बोलण्याइतकं. २०२३ साली तेच किमान माप २ एमबीपीएस झालं. पूर्वी तीस जणांत वाटली जायची जवळजवळ तेवढी लाइन आता एकट्या घराला, आणि तीही कमीत कमी.

मुंबईत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. आमच्याकडे यायला आणखी पाच वर्षं गेली. ५६ केबीपीएसचा मोडेम होता. आठाने भागलं की सेकंदाला सात किलोबाइट, आणि आमच्या हाती चार पडले तरी नशीब. लेकीने न्यू जर्सीहून बाळाचा पहिला फोटो पाठवला, जेमतेम ३०० किलोबाइटचा. सव्वा मिनिट लागलं. आधी जावळ, मग कपाळ, मग मिटलेले डोळे. फोटो वरून खाली उलगडत होता आणि आम्ही दोघं श्वास धरून बसलो होतो. आज तोच फोटो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात येतो. (हेही आठाने भागूनच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. कनेक्शन विकायला येणारी मुलं हा आठ कधी सांगत नाहीत.)

शेवटी एक गंमत केली. ‘तब्येत ठीक आहे’ एवढाच मजकूर घेतला. ह्यांच्या मशीनवर रोमन अक्षरांत तो मोकळ्या जागांसकट सोळा अक्षरांचा, १२० बिट, सेकंद २.४. आज देवनागरीत पाठवायचा तर प्रत्येक अक्षराला, काना-वेलांटीलासुद्धा, तीन-तीन बाइट लागतात. एकूण ३०४ बिट, वरचा पत्त्याबित्त्याचा मजकूर वेगळाच. आपली मराठी अंगाने भारी हो! तरी १०० एमबीपीएसच्या लाइनवर तो चढायला सेकंदाचे तीन दशलक्षांश पुरतात.

नातवाला हिशेबाचा कागद दाखवला. त्याने खालपर्यंत वाचला आणि कागदाचा फोटो काढून घेतला.

मग तोच मजकूर लेकीला खरंच पाठवला, सकाळी दहाला. उत्तर यायला सहा तास लागले. तिकडे रात्र होती.